इंधनाचा खर्च : यंत्राचा दोष किती आणि वाटेचा किती?

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील शेती आज जितकी पाण्यावर तितकीच डिझेलवर उभी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी पाणी दिले. त्या पाण्यावर ऊस, टोमॅटो, कांदा, बटाटा व द्राक्षे यांची बागाईत वाढली. आणि तो सर्व माल बांधापासून बाजारापर्यंत नेण्याचे काम बैलगाडीकडून ट्रॅक्टर, ट्रॉली व पिकअप यांजकडे आले. बैलाची वैरण बहुधा घरच्या रानातून निघे व तिचा हिशोब कोणी मांडीत नसे. ट्रॅक्टरची वैरण मात्र रोख पैसा मोजून पेट्रोल पंपावरून आणावी लागते. असे असूनही तिचा हिशोब मांडणारे शेतकरी आजही थोडेच आढळतात, ही आश्चर्याची गोष्ट होय.

हिशोब नसला तरी तक्रार असतेच. 'गाडी ॲव्हरेज देत नाही' हे वाक्य नारायणगावच्या बाजारात, मंचरच्या चौकात व साखर कारखान्याच्या काट्यावर नित्य कानी पडते. तक्रार मनात आली की मालक गाडी मिस्त्रीकडे नेतो, मिस्त्री नोझल काढतो, पंप उघडतो, फिल्टर बदलतो, बिल होते, आणि पुढे आठपंधरा दिवस गाडी सुधारल्याचा भास होतो. खरोखर सुधारली किंवा कसे, हे सांगण्यास कोणाजवळ आकडा नसतो. प्रस्तुत लेखात आम्हास इतकेच दाखवावयाचे आहे की, इंधनाचा खर्च वाढण्यास यंत्रातील बिघाड हे एक कारण आहे खरे. परंतु वाट, ओझे, वेग व खोळंबा ही कारणे पुष्कळदा त्याहून मोठी असतात. कोणत्या कारणाचा हिस्सा किती, याची वाटणी केल्यावाचून दुरुस्तीवर पैसा घालणे म्हणजे मोजणी न करविता बांध सरकविण्यासारखे आहे.

लिटरभर डिझेलचे काय होते

एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम भरते. एक अश्वशक्तीचे यंत्र एक तास चालले असता जे काम होते त्यास अश्वशक्ती-तास म्हणतात. एक लिटर डिझेलमध्ये जी उष्णता असते ती सर्वच्या सर्व कामी आली असती, तर तीतून १३ अश्वशक्ती-तासांहून थोडे अधिक काम निघाले असते. परंतु उत्तम स्थितीतील ट्रॅक्टरच्या इंजिनास एका अश्वशक्ती-तासाकरिता सुमारे २०० ग्रॅम डिझेल लागते. म्हणजे लिटरमागे जेमतेम ४ अश्वशक्ती-तास पदरात पडतात. बाकीची उष्णता रेडिएटरमधून, सायलेन्सरमधून व घर्षणात निघून जाते. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची संस्था निरनिराळ्या ट्रॅक्टरांची परीक्षा घेऊन असेच आकडे अहवालरूपाने प्रसिद्ध करते. अमेरिकेत नेब्रास्का येथे ही पद्धत १९२० सालापासून चालू आहे. ट्रॅक्टर खरेदी करतेवेळी विक्रेत्याच्या तोंडच्या वर्णनापेक्षा अशा अहवालातील आकड्यांस अधिक मान द्यावा.

या हिशोबातून एक गोष्ट स्पष्ट होते. चांगले इंजिन लिटरमागे ४ देत असेल व ते बिघडून साडेतीन देऊ लागले असेल, तर कुशल मिस्त्री त्यास पुन्हा ४ वर आणू शकेल. ५ वर मात्र कोणीही नेऊ शकणार नाही. दुरुस्तीच्या लाभास अशी वरची मर्यादा आहे. उलट, हाती आलेले हे ४ अश्वशक्ती-तास कोणत्या कामी खर्ची पडावयाचे, हे सर्वस्वी मालकाच्या व चालकाच्या हाती असते. तेथे होणाऱ्या नासाडीस तशी मर्यादा नाही.

वाट, चढ आणि ओझे

सपाट व चांगल्या डांबरी रस्त्यावर एक टन वजन हलते ठेवण्यास सुमारे १५ किलो ओढ लागते. वाळलेल्या, घट्ट कच्च्या वाटेवर हीच ओढ ३० ते ५० किलोवर जाते, आणि नांगरलेल्या किंवा ओल्या मऊ रानात ती १०० ते १५० किलो, प्रसंगी त्याहूनही अधिक होते. सबब उसाच्या फडापासून पक्क्या रस्त्यापर्यंतचे ओले ३०० मीटर हे डिझेलच्या दृष्टीने डांबरी रस्त्याच्या ३ किलोमीटरांच्या बरोबरीचे समजावेत. चाके जागच्या जागी फिरू लागली व दुसरा ट्रॅक्टर ओढण्यास आणावा लागला, तर हा हिशोबही अपुरा पडतो. यावर मिस्त्रीजवळ औषध नाही. तोडणीपूर्वी सुमारे पंधरा दिवस उसाचे पाणी तोडणे, वाटेच्या कडेस चर काढून पाणी वाहते करणे आणि खोलगट जागी मुरूम टाकणे, हेच येथील औषध होय. एका हंगामात एकाच वाटेने जर पन्नास खेपा व्हावयाच्या असतील, तर मुरमाच्या चार ट्रॉल्यांचा खर्च कसा भरून निघतो हे ज्याचे त्याने मांडून पाहावे.

चढाचा हिशोब याहूनही निश्चित आहे. पाच टन बोजा १०० मीटर उंच चढविण्यास, इंजिन व गिअर यांतील नेहमीची तूट धरून, सुमारे अर्धा लिटर डिझेल लागते. हे केवळ उंची चढण्याचे. रस्ता कापण्याचे डिझेल निराळे. आणि उतारावर हे डिझेल पूर्णपणे परत मिळत नाही, कारण ब्रेक दाबल्याबरोबर त्याची उष्णता होऊन ती वाऱ्यावर जाते. आपल्या दोन्ही तालुक्यांत पश्चिमेस सह्याद्री असल्यामुळे ही गोष्ट विसरून चालत नाही. सातगाव पठारावरील बटाटा अवसरी घाटाने मंचरकडे उतरतो. खते मात्र खालून वर चढतात. ओतूर व आळेफाटा येथून कल्याणकडे जाणारा माल माळशेज घाट उतरून जातो व गाडी बहुधा रिकामी परत चढते. दोन टन वजनाच्या रिकाम्या पिकअपास ६०० मीटर चढण्यास केवळ उंचीपायी सुमारे सव्वा लिटर पडते. तीच गाडी परतीस दीड टन खत भरून आणील तर तिला आणखी जवळजवळ एक लिटर लागेल.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, परतीचे भाडे मिळविणाऱ्या या दुसऱ्या गाडीचे 'ॲव्हरेज' वहीत कमी दिसेल, आणि रिकामी येणाऱ्या पहिल्या गाडीचे अधिक. परंतु धंद्याच्या दृष्टीने शहाणा कोण, हे सांगावयास नको. यास्तव लिटरमागे किती किलोमीटर एवढाच आकडा पाहणे पुरेसे नाही. किती वजन, कोणत्या वाटेने नेले, हेही त्याजबरोबर पाहिले पाहिजे. माळशेजमार्गे जाणाऱ्याने पुण्यास जाणाऱ्या शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा ताडून पाहणे व्यर्थ आहे.

वेग आणि खोळंबा

वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीस वारा जितका अडवितो, त्याच्या अडीचपटीहून अधिक तो ताशी ८० किलोमीटरांच्या वेगास अडवितो. पिकअपात टोमॅटोची कॅरेट चालकाच्या टपाहून उंच रचलेली असली व वरची ताडपत्री सैल फडफडत असली, म्हणजे हा अडथळा आणखी वाढतो. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था १९७८ सालापासून या विषयाचा प्रसार करीत आली असून, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग काटकसरीचा असल्याचे ती सांगत असते. बाजार गाठण्याची घाई आम्ही जाणतो. परंतु ती घाई वेग वाढवून करण्यापेक्षा अर्धा तास आधी निघून करावी हे बरे.

वेगाहूनही अधिक डिझेल खोळंब्यात जाते. माल धरून साडेतीन टनांची गाडी ताशी ५० किलोमीटरांवरून थांबविली व पुन्हा त्याच वेगावर आणली, तर त्या एका खेळास सुमारे ३७ मिलिलिटर डिझेल पडते. अशा सत्तावीस थांब्यांस एक लिटर झाले! गतिरोधकापाशी वेग ताशी १० वर आणला तरी नुकसान जवळजवळ तितकेच. म्हणून पुढील गर्दी किंवा गतिरोधक दिसताच ॲक्सिलरेटरवरील पाय आधीच काढून गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. शेवटपर्यंत वेगात जाऊन ब्रेक दाबणारा चालक मालकाचे डिझेल ब्रेकच्या पट्ट्यांस घासून जाळीत असतो. पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगाव, मंचर, खेड येथे बाह्यवळण रस्ते झाल्याने यातील काही त्रास चुकला आहे; चाकणची गर्दी मात्र कायम आहे. तेथून जाणाऱ्यांनी वेळ निवडूनच निघावे. पहाटेपूर्वी चाकण ओलांडणारी गाडी व सकाळी नऊ वाजता तेथे अडकलेली गाडी, या एकाच कंपनीच्या व एकाच वयाच्या असल्या तरी त्यांचे आकडे जुळणार नाहीत.

उभ्या ट्रॅक्टरचे इंजिन चालू ठेवल्यास तासास सुमारे एक लिटर डिझेल जाते. कारखान्याच्या आवारातील रांग, मळणी यंत्राजवळचा निवांतपणा, रस्त्यात भेटलेल्या सोयऱ्याशी चाललेल्या गप्पा, या सर्वांची नोंद टाकीत होत असते. थोडक्यात निघावयाचे नसेल तर इंजिन बंद करावे. तसेच क्लचवर पाय टेकवून गाडी हाकण्याची खोड चालकास असेल तर ती मोडावी. तीत डिझेल व क्लचप्लेट दोहोंचाही क्षय होतो.

शेतातील काम

रानात नांगरट करतेवेळी मागील चाके काही अंशी घसरतातच. १० ते १५ टक्के घसरण ही योग्य समजली जाते. ती मोजण्याची रीत सोपी आहे. चाकावर खडूने खूण करून, अवजार उचललेले असता चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे. नंतर नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या मोजाव्यात. पहिले अंतर ४० मीटर व दुसरे ३४ मीटर आले, तर घसरण १५ टक्के झाली. दुसरे अंतर २८ मीटरच आले, तर १०० पैकी ३० फेऱ्या केवळ माती उकरण्यात गेल्या, असे समजावे. अशा वेळी चाकांत पाणी भरून किंवा लोखंडी वजने लावून भार वाढवावा, टायरची नक्षी झिजली असल्यास टायर बदलावा, अथवा नांगराची खोली कमी करावी. परंतु नांगरटीकरिता लावलेली तीच लोखंडी वजने ऊस वाहतुकीस जाताना काढून ठेवण्यास विसरू नये. रस्त्यावर ती निव्वळ बिनभाड्याचे ओझे होत.

फाळ बोथट असला तर इंजिनात काडीचाही दोष नसता डिझेल वाढते. हलक्या कामास, उदाहरणार्थ पेरणीस किंवा फवारणीस, वरचा गिअर व कमी ॲक्सिलरेटर ठेवावा. मात्र सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला वा इंजिन कण्हू लागले की गिअर उतरवावा. वावर लांबट असेल तर तास लांबीच्या दिशेने घ्यावेत, म्हणजे वळणे कमी होतात. आपल्याकडे वाटण्यांमुळे वावरांची रुंदी घटत गेली आहे. दोघा भावांनी बांधाला बांध लागून असलेली वावरे एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टराने सलग नांगरून घेतली तर वळणांचे डिझेल वाचते. एवढ्यापुरता तरी एकोपा ठेवण्यास हरकत नसावी.

दुरुस्ती कोठे उपयोगी पडते

येथवर वाचून, दुरुस्ती निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे असल्याची समजूत कोणी करून घेऊ नये. दोष असेल तेथे दुरुस्तीइतके लाभदायक काही नाही. प्रश्न इतकाच की, दोष आहे हे ओळखावे कसे? पहिली साक्ष धुराची. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडते, किंवा ओझे फार आहे, किंवा नोझल नीट फवारत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिनातील ऑइल जळत आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडते अथवा आत पाणी उतरते, असे जाणावे.

हवा कमी पडण्याचे सर्वांत स्वस्त कारण म्हणजे तुंबलेला एअर क्लिनर. मळणी व रोटाव्हेटर यांच्या धुळीत काम करणाऱ्या ट्रॅक्टरचा एअर क्लिनर रोज पाहावा. ऑइलचा क्लिनर असेल तर त्यातील गाळ साचलेले ऑइल बदलावे. कागदी असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे झटकावा व मुदतीस बदलावा. हे काम मालकास स्वतः करता येते. नोझल व पंप यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची तपासणी दाबयंत्रावर, जाणत्या माणसाकडूनच झाली पाहिजे. 'शक्ती वाढवून देतो' म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देणारे कारागीर ठिकठिकाणी भेटतात. त्यांच्या हातून वाढते ती मुख्यतः धुराची व खर्चाची बाजू.

पुष्कळ ठिकाणी इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा प्रघात आहे. थर्मोस्टॅटचे काम इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणे हे होय. तो काढला की इंजिन गार राहते, डिझेल नीट जळत नाही, आणि विशेषतः थंडीच्या दिवसांत खर्च वाढतो. इंजिन तापण्याचे खरे कारण बहुधा तुंबलेला रेडिएटर किंवा सैल पट्टा हे असते. ते सोडून थर्मोस्टॅट काढणे म्हणजे ताप मोजतो म्हणून तापमापक फोडण्यासारखे आहे.

इंजिनाकडे सर्वांचे लक्ष जाते, परंतु चाकांकडे जात नाही. ट्रॉलीचा किंवा पिकअपचा एखादा ब्रेक सुटत नसेल तर गाडी अष्टौप्रहर ब्रेक लावूनच चालली असे होते. सपाट रस्त्यावर ब्रेक न दाबता चारपाच किलोमीटर जाऊन थांबावे व प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन पाहावा. एकच चाक इतरांहून पुष्कळ अधिक गरम लागले, तर दोष सापडला. टायरमधील हवा टायर थंड असता पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरावी. रस्त्यावर कमी हवा ही डिझेल खाते व टायरही खाते. ट्रॉलीच्या चाकांतील हवा तर कित्येक मालक हंगामात एकदाही पाहत नाहीत.

गळतीविषयी एकच आकडा पुरे. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर धरले, तर सेकंदास एक थेंब याप्रमाणे तासास १८० मिलिलिटर व दिवसरात्रीत चार लिटरांहून अधिक डिझेल मातीत जाते. दहा-वीस रुपयांच्या वायसरची ही करामत होय.

नव्या गाड्या आणि नवे पेट्रोल

जुन्या अनुभवातील काही नियम नव्या गाड्यांस लागू पडत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील ओक रिज येथील सरकारी प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीत असे दिसून आले की, संगणकाच्या साहाय्याने इंधन सोडणाऱ्या पेट्रोलच्या गाड्यांत एअर फिल्टर तुंबला तरी इंधनाचा खर्च फारसा वाढत नाही. गाडीची उचल मात्र मंदावते. कारण हवा कमी येताच संगणक पेट्रोलही कमी सोडतो. उलट, धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर बिघडला तर अशा गाडीचा खर्च पुष्कळच वाढू शकतो. तेथील सरकारी माहितीत तो दोष काढल्याने ४० टक्क्यांपर्यंत लाभ होऊ शकतो असे म्हटले आहे, तर सर्वसाधारण ट्यूनिंगचा लाभ सरासरी ४ टक्केच धरला आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ गाड्या याच जातीच्या आहेत. त्यांच्या काचेपुढे इंजिनाचा पिवळा दिवा लागला असता तो दुर्लक्षून जुन्या पद्धतीने फिल्टर बदलीत बसणे निष्फळ होय.

पेट्रोलवरील दुचाकींविषयी अलीकडे जी तक्रार ऐकू येते तिचे एक कारण गाडीत नसून पेट्रोलात आहे. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे धोरण देशभर अमलात आले आहे. समान मापाच्या इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने उष्णता सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात, जुन्या बांधणीच्या चारचाकी गाड्यांत यामुळे ६ ते ७ टक्के व दुचाकींत ३ ते ४ टक्के घट होईल असा अंदाज दिला होता. हे इथेनॉल मोठ्या प्रमाणावर आपल्याच उसापासून बनते; तेव्हा एका खिशातून गेलेले काही अंशी दुसऱ्या खिशात येते असे ऊस बागाईतदारास म्हणता येईल. ते कसेही असो. शंभरात तीनचारची ही घट दूर करण्याकरिता कार्ब्युरेटर वारंवार उघडणे मात्र व्यर्थ आहे.

एक बोलके उदाहरण

आमच्या पाहण्यातील एका बागाईतदाराचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीस होता. हंगामाच्या आरंभी एका खेपेस १४ लिटर डिझेल पडे. पौष महिन्यात ते १७ लिटर पडू लागले. मिस्त्रीने पंप काढला, नोझले बदलली, आणि बिल पाच आकडी झाले. पुढील खेपही १७ लिटरांचीच निघाली. मालक सुशिक्षित असल्याने त्यांनी चालकास दोष देण्यापूर्वी दोन रात्री स्वतः रांगेत काढल्या. तेव्हा असे आढळले की, हंगाम भरात आल्याने रांग लांबली होती, आणि चालक तीन-तीन तास इंजिन बंदच करीत नव्हता. का? तर बॅटरी उतरली होती. बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईल याची त्यास खात्री नव्हती. तीन तासांचे तीन लिटर! बॅटरी बदलली आणि खेप पुन्हा १४ लिटरांवर आली. येथे दोष वाटेचाही होता व यंत्राचाही होता. परंतु जो भाग उघडला तो निर्दोष होता, आणि ज्याकडे कोणी पाहिले नाही तो दोषी ठरला. पन्नास खेपांस तीन लिटर म्हणजे दीडशे लिटर. लिटरचा भाव ९० रुपये धरल्यास साडेतेरा हजार रुपये.

वही कशी ठेवावी

महसुली दफ्तरात आमचे आयुष्य गेले. ज्या गोष्टीची नोंद नाही तिचा वाद मिटत नाही, हा तेथील धडा डिझेलासही लागू आहे. प्रत्येक वाहनास एक स्वतंत्र वही असावी व तीत पुढील रकाने आखावेत : तारीख, किलोमीटर किंवा तास, भरलेले डिझेल, काम व अंदाजी वजन, वाट किंवा जमिनीची स्थिती, खोळंब्याचा वेळ, आणि झालेली दुरुस्ती. टाकी दर वेळी एकाच पंपावर, सपाट जागी, काठोकाठ न भरता एकाच खुणेपर्यंत भरावी. एका भरणीवरून निष्कर्ष काढू नये. निदान तीन भरण्यांची सरासरी घ्यावी. ट्रॅक्टरचा हिशोब शेतात तासावर व रस्त्यावर खेपेवर ठेवावा. जुन्या ट्रॅक्टरांवरील तास दाखविणारे यंत्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते, घड्याळावर नव्हे; त्यामुळे मंद चालणाऱ्या इंजिनाचा एक तास तेथे कमी दिसतो. याकरिता घड्याळी तासही शेजारी लिहावेत.

दुसरा नियम असा की, एका वेळी एकच बदल करावा. आश्विनात पाऊस संपतो, वाटा वाळतात, आणि त्याच सुमारास हंगामापूर्वीची दुरुस्तीही होते. मग डिझेल वाचले ते नव्या नोझलामुळे की वाळलेल्या वाटेमुळे, हे कोण सांगणार? दुरुस्तीच्या आधीच्या व नंतरच्या खेपा एकाच वाटेच्या, एकाच वजनाच्या व एकाच ऋतूतील असतील तरच त्यांची तुलना खरी.

ही शिस्त नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पेट्रोलचे नियंत्रण आले, तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी चालवाव्या लागल्या आणि चढावर इंजिनाची शक्ती अपुरी पडू लागल्यावर वाट व वजन यांचा विचार मोटारमालकांस भागच पडला. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही एस.टी.ची पहिली गाडी सुटली, आज एस.टी.च्या आगारात दर दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर धाव झाली याचा हिशोब राहतो. हजारो गाड्यांच्या मालकास जे आवश्यक वाटते, ते एका ट्रॅक्टरच्या मालकास अनावश्यक कसे असेल?

या वहीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो आम्हास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्राचा हिस्सा मिस्त्री दुरुस्त करील, वेगाचा व खोळंब्याचा हिस्सा चालक सुधारील. परंतु वाटेचा हिस्सा एकट्या मालकास पेलवत नाही. शिवारातील वाट अडली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वये, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ अन्वये, तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पाणंद रस्त्यांकरिता शासनाच्या योजनाही आहेत. असे अर्ज आम्ही आयुष्यभर हाताळले. 'रस्ता फार खराब आहे, तरी मेहेरबानी व्हावी' एवढेच लिहिलेला कागद ढिगात खाली जातो. त्याच पाणंदीच्या पंधरा खातेदारांनी आपापल्या वह्यांतील उतारे जोडून, पावसाळी व उन्हाळी खेपेतील डिझेलचा फरक आकड्यांनी दाखविला, तर तो कागद वाचला जातो आणि त्यास उत्तरही द्यावे लागते. तरी वाचकांनी येत्या हंगामापासून ही वही आखावी, शेजाऱ्यासही आखावयास लावावी, आणि हंगामाअखेर गावच्या सभेत सर्व वह्या एकत्र ठेवून पाहाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.